झोपेत कोण जागं राहणार: डेव्हलपमेंट बोर्डचे रेग्युलेटर सस्पेंडसाठी कसे लावायचे

मणेराजुरीला मामांच्या द्राक्षबागेत एक डबा बसवलाय. आत लिनक्सवर चालणारा डेव्हलपमेंट बोर्ड, कॅमेरा, पानावरचा ओलावा मोजायचा सेन्सर आणि सोलरवर चार्ज होणारी बॅटरी. दर अर्ध्या तासाला उठायचं, फोटो काढायचा, आकडे पाठवायचे आणि परत झोपायचं, एवढंच त्याचं काम. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा धरली की दावण्या रोगाची धास्ती असते आणि नेमकं त्याच दिवसांत सोलर चालत नाही, म्हणजे ज्या चार दिवसांसाठी डबा बसवला त्याच चार दिवसांत बॅटरी संपून तो गप्प. गेल्या हंगामात असंच झालं. मामा म्हटले, "झोपलंय म्हणतोस, मग खातंय कशापायी एवढं?"

मामांचा प्रश्न अगदी बरोबर होता. बोर्ड झोपला होता, पण घरातले दिवे, पंखे, टीव्ही सगळं चालूच ठेवून झोपला होता. प्रोसेसर थांबला म्हणजे सस्पेंड झालं असं आपण धरतो, पण करंट खरा कमी होतो तो एकेक व्होल्टेज रेल, म्हणजे रेग्युलेटर या वीज पुरवणाऱ्या सर्किटमधून निघणारी ठरलेल्या व्होल्टेजची लाइन, बंद झाल्यावर किंवा खाली आल्यावर, आणि कुठली रेल काय करणार हे ठरवायचं काम आपलं असतं. ते कसं करायचं ते इथं सविस्तर लिहितोय, कारण सांगलीत इंजिनिअरिंगची जी पोरं प्रोजेक्ट घेऊन भेटतात त्यातल्या निम्म्यांचं घोडं इथंच अडलेलं असतंय.

उदाहरण म्हणून माझ्याकडचाच बोर्ड घेतो. आरके३३९९ प्रोसेसर आणि त्याच्यासोबत आरके८०८ ही पॉवर मॅनेजमेंट चिप, जिला सगळे पीएमआयसी म्हणतात. तुमचा बोर्ड दुसरा असला तरी पद्धत तीच, फक्त चिपची नावं आणि रजिस्टरचे नंबर बदलतील. आणि एक, प्रॉपर्टी आणि कमांडची नावं मी देवनागरीत लिहिलीत, टाईप करताना ती इंग्रजी स्पेलिंगमध्ये, हायफन आणि अंडरस्कोर आहे तिथं तसेच ठेवून टाईप करा.

आधी कागद

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नंतर. आधी स्कीमॅटिक, म्हणजे बोर्डचा सर्किट नकाशा, उघडा आणि एक मोठा कागद घ्या. आरके८०८ मध्ये ४ बक, ८ एलडीओ आणि २ स्विच आहेत (बक आणि एलडीओ हे व्होल्टेज खाली आणणारे रेग्युलेटरचे दोन प्रकार, स्विच नुसता चालू-बंद), म्हणजे एकूण १४ आउटपुट. त्याशिवाय बोर्डवर प्रोसेसरच्या मोठ्या (वेगवान) कोअरसाठी आणि जीपीयूसाठी, म्हणजे ग्राफिक्सच्या भागासाठी, वेगळे बक असतात, माझ्या बोर्डवर ते एसवायआर८२७ आणि एसवायआर८२८ आहेत, आणि वर चार-पाच साधे रेग्युलेटर जे फक्त एका जीपीआयओने, म्हणजे सॉफ्टवेअरने वर-खाली करता येणाऱ्या पिनने, चालू-बंद होतात. प्रत्येकाची एक ओळ करा: रेलचं नाव, व्होल्टेज, तिच्यावर कोण कोण जगतंय, आणि झोपेत ती लागणार का.

हा शेवटचा रकाना भरायला वेळ लागतो, लागू द्या. विचार उलट्या बाजूने करायचा, म्हणजे बोर्डला कोण उठवणार तिथून सुरुवात करायची. माझ्याकडं उठवणारा पीएमआयसीतलाच आरटीसी, म्हणजे घड्याळ, आहे. अलार्म वाजला की पीएमआयसी आपली इंटरप्ट लाइन खाली ओढतो, ती लाइन प्रोसेसरच्या एका जीपीआयओवर जाते, तो जीपीआयओ झोपेतही जाग्या राहणाऱ्या भागात असतो. आरके३३९९ मध्ये जीपीआयओ० आणि जीपीआयओ१ या दोन बँका त्या भागात येतात, त्याला पीएमयू म्हणतात. मग त्या भागाला आणि त्या पिनांना व्होल्टेज देणारी रेल चालू राहिलीच पाहिजे. या साखळीतली एक जरी कडी तुम्ही बंद केली तर बोर्ड झोपतो छान, उठत मात्र नाही.

दुसरा नियम रॅमचा. सस्पेंड टू रॅम म्हणजे सगळं डोकं रॅममध्ये ठेवून झोपणं, रॅम सेल्फ-रिफ्रेशमध्ये जाते, म्हणजे आपला डेटा स्वतःच ताजा ठेवते, पण तिची रेल चालू लागते. डीडीआर३एल जातीची रॅम असेल तर १.३५ व्होल्ट, एलपीडीडीआर४ असेल तर १.१ व्होल्ट आणि सोबत १.८ व्होल्ट अशा एकापेक्षा जास्त रेल असतात, त्या सगळ्या. आरके८०८ च्या तिसऱ्या बकवर डीडीआर असते आणि तिचं व्होल्टेज बाहेरच्या रेझिस्टरने ठरतं, म्हणून डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, तिथं मायक्रोव्होल्टचा आकडाच दिसत नाही. नवखा माणूस ते बघून काहीतरी राहिलंय असं समजून आकडा घालायला जातो. घालू नका.

बाकी राहिलं ते बहुतेक बंद करता येतं: छोट्या कोअरची रेल, मोठ्या कोअरची, जीपीयूची, सेंटर लॉजिकची, कॅमेऱ्याची, एचडीएमआयची, ऑडिओ कोडेकची. वायफायचं वेगळं आहे, त्याच्यावर पुढं येतो.

बोर्ड मुळात झोपतोय का ते बघा

रेग्युलेटरला हात लावण्याआधी साधा सस्पेंड चालतोय का ते तपासा, नाहीतर नंतर बिघाड कुणाचा तेच कळत नाही. सिरीयल कन्सोल जोडा, कर्नलच्या बूट आर्ग्युमेंटमध्ये नो_कन्सोल_सस्पेंड घाला म्हणजे झोपता झोपताचे शेवटचे मेसेज दिसतात. मग /सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल कॅट करून बघा. तिथं एस२आयडल (हलकी झोप) आणि डीप (सस्पेंड टू रॅम) असे शब्द दिसतील आणि जो निवडलेला आहे तो चौकटी कंसात असेल.

इथं नीट लक्ष द्या. एस२आयडल निवडलेलं असेल तर रेग्युलेटरच्या सस्पेंड सेटिंगना कर्नल हातच लावत नाही. लिनक्सच्या रेग्युलेटर फ्रेमवर्कला स्टँडबाय, मेम आणि डिस्क या तीनच अवस्था माहीत आहेत, एस२आयडलसाठी त्याच्याकडं अवस्था नाही. तुम्ही डिव्हाइस ट्री कितीही सुंदर लिहा, करंट तसूभर हलणार नाही. डीप हा शब्द यादीतच नसेल तर एआरएम ६४-बिट बोर्डवर बहुतेक वेळा कारण फर्मवेअर असतं, पीएससीआय, म्हणजे कर्नलने फर्मवेअरला वीज-झोपेची कामं सांगायची ठरलेली पद्धत, तिच्यातला सिस्टीम सस्पेंड हा कॉल ट्रस्टेड फर्मवेअरने दिलेला नसतो, तो ऐच्छिक आहे. मग आधी फर्मवेअर बदला, मग पुढं या.

डीप निवडलेलं असेल तर आरटीसीवेक -एम मेम -एस ३० ही कमांड द्या. बोर्ड झोपला पाहिजे आणि ३० सेकंदांनी स्वतः उठला पाहिजे. हे सलग दहा-वीस वेळा करा, एकदा उठला म्हणून खूश होऊ नका.

पीएमआयसी झोपेचं कसं लक्षात ठेवतो

कर्नल स्वतः सस्पेंडच्या शेवटच्या क्षणाला एकेक रेल बंद करत बसत नाही, करूही शकणार नाही, कारण आपल्याच सीपीयूची रेल बंद केल्यावर पुढची कमांड कोण देणार? म्हणून पीएमआयसीमध्ये प्रत्येक आउटपुटसाठी दोन जोड रजिस्टर असतात, एक जागेपणीचं आणि एक झोपेचं. कर्नल झोपण्याआधी झोपेच्या रजिस्टरमध्ये काय हवं ते लिहून ठेवतो आणि मग प्रोसेसरचा हार्डवेअर भाग एक स्लीप पिन हलवतो. पिन हलली की पीएमआयसी सगळ्या रेल एकदम झोपेच्या सेटिंगवर नेतो, पिन परत आली की जागेपणीच्या. रात्री निघताना दुकानाच्या पोराला सांगून ठेवावं, शटर पडलं की हे हे बंद कर, तसं.

आरके८०८ मध्ये झोपेत बंद करायच्या बक आणि स्विचचे बिट ०x२५ या रजिस्टरमध्ये असतात आणि एलडीओंचे ०x२६ मध्ये. बिट १ म्हणजे झोपेत बंद. हे लक्षात ठेवा, पुढं तपासायला फार उपयोगी पडतं. आणि स्लीप पिनची वायर बोर्डवर खरंच जोडली आहे का, ती पिन त्या फंक्शनला लावली आहे का, हेही स्कीमॅटिक आणि पिनकंट्रोलमध्ये (डिव्हाइस ट्रीतलं पिनांचं सेटिंग) एकदा बघून घ्या, कारण पिनच हलली नाही तर रजिस्टर बरोबर असून काही होत नाही.

डिव्हाइस ट्रीत लिहायचं

प्रत्येक रेग्युलेटरच्या नोडमध्ये आत अजून एक छोटा नोड लिहायचा, नाव रेग्युलेटर-स्टेट-मेम. त्याच्या महिरपी कंसात बंद करायची असेल तर रेग्युलेटर-ऑफ-इन-सस्पेंड, चालू ठेवायची असेल तर रेग्युलेटर-ऑन-इन-सस्पेंड, आणि चालू ठेवून व्होल्टेज ठरवायचं असेल तर सोबत रेग्युलेटर-सस्पेंड-मायक्रोव्होल्ट आणि आकडा. आकडा मायक्रोव्होल्टमध्ये, १.८ व्होल्ट म्हणजे १८०००००, शून्यं मोजून लिहा. पीएमआयसीच्या स्टेपमध्ये न बसणारा आकडा दिलात तर ड्रायव्हर तो नाकारतो.

दोन्हीपैकी काहीच लिहिलं नाही तर? तर कर्नल त्या रेलच्या झोपेबद्दल काहीही करत नाही, हार्डवेअरमध्ये आधीपासून जे असेल ते, म्हणजे चिपचं डिफॉल्ट किंवा कर्नलच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरने लिहून ठेवलेलं. म्हणून माझं मत असं की प्रत्येक रेलला स्पष्ट लिहा, चालू ठेवायची असली तरी लिहा. सहा महिन्यांनी बूटलोडर अपडेट केल्यावर करंट अचानक का वाढला हे शोधण्यापेक्षा आज दोन ओळी जास्त टाईप केलेल्या परवडतात.

नवख्यांना हमखास पडणारा एक प्रश्न: नोडमध्ये रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन लिहिलंय, मग त्यातच ऑफ-इन-सस्पेंड कसं चालेल? चालतं. ऑलवेज-ऑन म्हणजे सिस्टीम जागी असताना कुठल्या ड्रायव्हरने ही रेल बंद करायची नाही. झोपेची गोष्ट वेगळ्या नोडमध्ये वेगळी ठरते. सीपीयूच्या रेलला तुम्हाला कायम हे दोन्ही एकत्र दिसेल आणि ते बरोबर आहे.

आता कागदावरची यादी समोर ठेवा आणि एका वेळी एकच रेल बदला. मी पहिल्यांदा हे पाळलं नव्हतं. एका संध्याकाळी बसून सगळ्या रेलना एकदम ऑफ लिहिलं, डीटीबी (डिव्हाइस ट्रीची कंपाइल केलेली फाइल) बनवून टाकली, बोर्ड झोपला, ३० सेकंदांनी कन्सोलवर अक्षरं आली, वाटलं जमलं. नीट वाचलं तर ती बूटलोडरची पहिली ओळ होती. बोर्ड झोपेतून उठलाच नव्हता, नव्याने बूट होत होता, कारण डीडीआरची रेलपण मी बंद केली होती आणि रॅममधलं सगळं पुसलं गेलं होतं. तेव्हा उठल्यावर आधी अपटाइम बघायची सवय लावा, तो शून्यापासून सुरू झाला असेल तर ते उठणं नव्हे.

माझ्या बोर्डवर शेवटी ठरलेलं असं आहे. पहिला बक सेंटर लॉजिकचा, बंद. दुसरा छोट्या कोअरचा, बंद. तिसरा डीडीआरचा, चालू. चौथा १.८ व्होल्टचा, चालू आणि आकडा १८०००००. एलडीओंमध्ये पीएमयूचा १.८ व्होल्टवाला चालू, ३ व्होल्टचा आयओवाला चालू, कॅमेऱ्याचा, टचचा आणि ऑडिओ कोडेकचे बंद. हे जसंच्या तसं उचलू नका, तुमच्या बोर्डवर त्याच एलडीओवर कुणीतरी दुसरं बसलेलं असू शकतं, स्कीमॅटिक बघूनच.

एसवायआर८२७ सारख्या बकचं थोडं निराळं आहे. त्याच्यात व्होल्टेजची दोनच रजिस्टर असतात आणि एक व्हीसेल नावाची पिन ठरवते कुठलं चालायचं. डिव्हाइस ट्रीत एफसीएस,सस्पेंड-व्होल्टेज-सिलेक्टर ही प्रॉपर्टी असते, तिच्यात ० किंवा १ लिहून झोपेचं रजिस्टर कुठलं ते सांगायचं. हे उलटं पडलं तर फार वाईट होतं. कर्नल झोपेचं समजून ज्या रजिस्टरमध्ये बंद असं लिहितो तेच त्या क्षणी चालू असतं, त्यामुळे सस्पेंडच्या तयारीतच सीपीयूची वीज जाते आणि बोर्ड अर्ध्या ओळीवर गोठतो. जागेपणीही त्रास, कारण फ्रिक्वेन्सी वाढताना कर्नल व्होल्टेज वाढवतो ते भलत्याच रजिस्टरमध्ये, आणि बोर्ड लोड आला की अधूनमधून लटकतो. व्हीसेल पिनवर जागेपणी मीटर लावून ती वर आहे का खाली हे स्वतः बघा आणि मगच ० की १ ते लिहा.

जिथं माझे आठ दिवस गेले

आता त्या मणेराजुरीच्या डब्याचं खरं कारण सांगतो. कॅमेऱ्याला वीज देणारा एक साधा रेग्युलेटर होता, पीएमआयसीतला नव्हे, बोर्डवर वेगळा, एका जीपीआयओने चालू होणारा. डिव्हाइस ट्रीत त्याला रेग्युलेटर-फिक्स्ड म्हणतात. त्याच्याही नोडमध्ये मी रेग्युलेटर-स्टेट-मेम लिहून आत ऑफ-इन-सस्पेंड टाकलं होतं. कंपाइल झालं, बूट झालं, सस्पेंड झालं, लॉगमध्ये एक शब्द नाही. मी निर्धास्त.

फिक्स्ड रेग्युलेटरच्या ड्रायव्हरकडं झोपेत बंद करायचं फंक्शनच नसतं. आणि ड्रायव्हरकडं ते फंक्शन नसेल तर फ्रेमवर्क त्याला चूक मानत नाही, सगळं ठीक आहे म्हणून पुढं जातं. त्यामुळे तुमची ओळ फाइलमध्ये राहते, कॅमेरा रात्रभर वीज पीत राहतो आणि कर्नल तुम्हाला काहीच सांगत नाही. लॉग शांत आहे म्हणजे काम झालं असं धरू नका, मीटर लावेपर्यंत काहीच सिद्ध झालेलं नसतं, हे मला त्या आठवड्याने शिकवलं आणि प्रत्येक पोराला मी हेच पहिलं सांगतो.

मग फिक्स्ड रेग्युलेटर बंद कसा करायचा? तो ज्याच्यासाठी आहे त्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. कॅमेऱ्याच्या नोडमध्ये त्याची सप्लाय प्रॉपर्टी लिहून हा रेग्युलेटर जोडा, आणि रेग्युलेटरच्या नोडमधलं ऑलवेज-ऑन काढून टाका, नाहीतर ड्रायव्हरने सोडला तरी कर्नल तो बंद होऊ देत नाही. बऱ्याच कॅमेरा सेन्सरचे ड्रायव्हर स्ट्रीम चालू नसताना स्वतःच वीज सोडतात. ज्या रेग्युलेटरला कुणी धनीच नाही तो नव्या कर्नलमध्ये बूट झाल्यावर ३० सेकंदांनी आपोआप बंद केला जातो, म्हणून ऑलवेज-ऑन काढल्यावर अर्ध्या मिनिटाने काहीतरी बंद पडलं तर घाबरू नका, कोण बंद पडलं ते बघा, त्याची सप्लाय लिहायची राहिली आहे.

आणि तो जीपीआयओ कुठल्या बँकेत आहे तेही बघा. झोपेत ज्या बँकेची वीज जाते तिथला जीपीआयओ असेल तर पिन मोकळी सुटते, आणि मोकळी पिन कधी खाली राहते कधी अर्ध्यात तरंगते. माझ्या बोर्डवर तेही होतंच. एनेबल पिनवर १० किलोओहमचा एक रेझिस्टर ग्राउंडकडं लावला तेव्हा ती मुकाट बंद राहायला लागली.

मीटर लावून खात्री

/सिस/कर्नल/डीबग/रेग्युलेटर/रेग्युलेटर_समरी ही फाइल फार छान आहे, कुठला रेग्युलेटर कुणी धरलाय, किती व्होल्टवर आहे, सगळं झाडासारखं दिसतं. पण ती जागेपणीचं चित्र दाखवते. झोपेत तुम्ही ती वाचू शकत नाही आणि उठल्यावर वाचली तर परत जागेपणीचंच. झोपेसाठी दोन गोष्टी करता येतात. एक, एकदा झोपून उठल्यावर पीएमआयसीची ०x२५ आणि ०x२६ ही रजिस्टर रेगमॅपच्या (कर्नलच्या रजिस्टर वाचणाऱ्या भागाच्या) डीबग फाइलमधून वाचा, कर्नलने लिहिलेले बिट तिथं तसेच राहिलेले असतात, ते कागदाशी ताडून बघा. दुसरी गोष्ट म्हणजे मल्टिमीटर.

बोर्ड दोन मिनिटांसाठी झोपवा आणि प्रत्येक रेलच्या कॅपॅसिटरवर टोक टेकवून व्होल्टेज लिहून घ्या. कागदावर अजून एक रकाना करा. बंद केलेली रेल ०.०० च्या आसपास दिसली पाहिजे. आणि इथं एक गोष्ट बारकाईने बघा: कधी कधी बंद रेलवर ०.८, ०.९ व्होल्ट असा आकडा दिसतो आणि तो खाली जातच नाही. ती रेल पूर्ण मेलेली नाही, तिला मागच्या दाराने वीज मिळतेय. समोरची चिप चालू आहे, तिची एखादी पिन वर धरलेली आहे, आणि त्या पिनमधून वीज बंद चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून रेलवर चढतेय. माझ्याकडं कॅमेऱ्याशी बोलणाऱ्या आयटूसी लाइनींचे पुलअप, म्हणजे त्यांना वर धरणारे रेझिस्टर, कायम चालू राहणाऱ्या १.८ व्होल्टवर होते, तिथूनच हे चाललेलं. अशा वेळी रेग्युलेटरचं सेटिंग बरोबर असतं, चूक पिनांची असते. पुलअप त्याच बंद होणाऱ्या रेलवर घ्या, आणि ज्या पिना आपण हलवतो त्यांना पिनकंट्रोलमध्ये डिफॉल्टच्या जोडीला स्लीप नावाची अवस्था देऊन झोपेत खाली किंवा इनपुट करून ठेवा.

असाच मागचा दरवाजा तुमचा यूएसबी-सिरीयल अडॅप्टरपण असतो. त्याची टीएक्स लाइन ३.३ व्होल्टवर असते आणि बोर्डच्या आरएक्स पिनमधून आत वीज ढकलते. करंट मोजताना सिरीयल काढा, एचडीएमआयची केबलपण काढा.

करंट मोजायला मीटर थेट मिलिअँपिअरवर लावू नका. बऱ्याच स्वस्त मीटरला ती रेंज २०० मिलिअँपिअरपर्यंतच असते, बोर्ड झोपलेला असताना ठीक चालतं, पण उठताना तो एकदम जास्त ओढतो आणि मीटरचा फ्यूज जातो, किंवा मीटरमध्येच इतकं व्होल्टेज पडतं की बोर्ड रीसेट होतो. १० अँपिअरचं भोक वापरा, किंवा त्यापेक्षा आयएनए२१९ या करंट मोजणाऱ्या चिपचं छोटं मॉड्यूल घ्या. त्याच्यावर ०.१ ओहमचा शंट, म्हणजे करंट मोजायचा रेझिस्टर, असतो, १० मिलिअँपिअरला त्याच्यावर १ मिलिव्होल्ट पडतो, आणि चिप १० मायक्रोव्होल्टपर्यंतचा फरक ओळखते, म्हणजे ०.१ मिलिअँपिअरपर्यंत दिसतं. आपल्या कामाला भरपूर झालं. मॉड्यूल दुसऱ्या एखाद्या बोर्डवरून वाचा, जो झोपणार आहे त्याच्यावरून कसा वाचणार.

हिशोब सोपा आहे. समजा ५२०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी आहे आणि बॅटरीच्या बाजूला झोपेत १०० मिलिअँपिअर जातोय, तर नुसत्या झोपण्यात ५२ तासांत संपली. तोच १० वर आला तर ५२० तास, म्हणजे एकवीस दिवसांच्या वर. चार दिवसांचं ढगाळ वातावरण मग सहज निघतं.

वायफाय, एसडी कार्ड

वायफाय चिप एसडीआयओवर, म्हणजे एसडी कार्डाच्याच जातीच्या बसवर, असेल आणि तिची रेल झोपेत बंद केली तर चिपमधलं फर्मवेअर पुसलं जातं, उठल्यावर ड्रायव्हर परत लोड करेपर्यंत नेटवर्क नाही, आणि काही ड्रायव्हर तर परत उभेच राहत नाहीत. चालू ठेवायची असेल तर त्या बसच्या एमएमसी नोडमध्ये कीप-पॉवर-इन-सस्पेंड लिहा आणि तिच्या रेलपण ऑन ठेवा, दोन्हींचं म्हणणं एक असलं पाहिजे, एक चालू म्हणतोय आणि एक बंद असं करू नका. माझ्या कामात अर्ध्या तासातून एकदाच नेटवर्क लागतं, म्हणून मी झोपण्याआधी वायफायचं मॉड्यूल कर्नलमधून काढतो, रेल बंद करतो आणि उठल्यावर परत घालतो. दोन-चार सेकंद जास्त जातात, पण रात्रभराची वीज वाचते.

रूट फाइल सिस्टीम एसडी कार्डवर असेल तर कार्डच्या रेलशी सुरुवातीला खेळू नका. बाकी सगळं बसल्यावर शेवटी बघा.

उठलाच नाही तर

कन्सोलवर शेवटची ओळ काय आली ते आधी लिहून घ्या. एखाद्या ड्रायव्हरच्या नावावर थांबला असेल तर रेग्युलेटरला दोष देण्याआधी /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट वापरा, त्यासाठी कर्नलमध्ये पीएम डीबग चालू असावं लागतं. त्यात डिव्हायसेस लिहून सस्पेंड केलं तर फक्त ड्रायव्हर झोपतात, ५ सेकंद थांबून परत उठतात, रेल जागच्या जागी. इथंच लटकला तर ड्रायव्हर. इथं पास होऊन खऱ्या झोपेत लटकला तर मग रेल किंवा फर्मवेअर.

खऱ्या झोपेत गेला आणि उठलाच नाही तर मीटर घेऊन उठवणाऱ्या साखळीवर चला. पीएमआयसीची इंटरप्ट लाइन अलार्मच्या वेळी खाली येते का? येत नसेल तर आरटीसीचा अलार्म लागलाच नाही किंवा त्याचा इंटरप्ट चालू नाही. येते पण बोर्ड ढिम्म, तर पीएमआयसीच्या नोडमध्ये वेकअप-सोर्स लिहायचं राहिलंय, नाहीतर ज्या पिनवर ती येते त्या भागाची आयओ रेल झोपेत गेली आहे. आणि बोर्ड उठतो पण कधी तरी, पंधरातून एकदा भलत्याच ठिकाणी क्रॅश होतो, तर डीडीआरच्या रेल बघा, झोपेतलं व्होल्टेज अगदी काठावर असेल तर रॅममधला एखादा बिट पलटतो आणि ते दर वेळी होत नाही, म्हणून सापडायला सगळ्यात अवघड. तिथं मिलिव्होल्ट वाचवायला जाऊ नका.

एकेक रेल बदलत गेलात की मागची चालणारी डीटीबी वेगळ्या नावाने कार्डवर ठेवत जा. बूटलोडरमधून तिचं नाव बदललं की दोन मिनिटांत परत चालू स्थितीत येता. माझ्या कार्डवर आत्ता अशा अकरा फाइल आहेत, प्रत्येकीच्या नावात शेवटी बदललेल्या रेलचं नाव.

डबा परत मणेराजुरीला नेण्याआधी घरी गच्चीवर सोलर काढून, फक्त बॅटरीवर, दर अर्ध्या तासाला उठवत पाच दिवस चालवा. दर वेळी उठल्यावर बॅटरीचं व्होल्टेज आणि किती वाजता उठला ते फाइलमध्ये लिहून ठेवायला लावा. पाचव्या दिवशी ती फाइल उघडली की २४० ओळी सापडल्या पाहिजेत. एखादी कमी असेल तर डबा अजून बागेत न्यायचा नाही.